एल्डर गमरे आणि भिंतीपलीकडचा बाप

माझा भाचा सम्यक गमरे कंबोडियात एल्डर आहे. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं वीस, मिशी अजून धड फुटलेली नाही, आणि पांढऱ्या शर्टावर काळी पट्टी: एल्डर गमरे. त्या पट्टीसकट तो पहिल्यांदा फोनवर दिसला तेव्हा मी विचारलं, "वाकून नमस्कार करू का रे?" तो खळखळून हसला. मला मात्र रडू आलं, कारण भिंतीपलीकडे त्याचा बाप बसला होता आणि ते हसू त्याला ऐकू गेलं होतं.

भोईवाड्यात आमच्या दोन खोल्या शेजारीशेजारी आहेत. एकीत माझा मोठा भाऊ जगदीश आणि नम्रता वहिनी राहतात, दुसरीत मी, कांता. लग्न केलं नाही, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते, आता रिटायर आहे. माझी जीभ तिखट आहे असं चाळ म्हणते. चाळीचं म्हणणं खरं आहे.

आमचे अण्णा गिरणीत होते. बाबासाहेब गेले तेव्हा दादरच्या चौपाटीवर, चितेच्या साक्षीने ज्यांनी दीक्षा घेतली त्यांत ते होते. दादा त्यांचा थोरला. महापालिकेत पाणी खात्यात नोकरी केली, पण त्याची खरी नोकरी विहारातली. दर रविवारी वंदना तो घेतो. सम्यक चार फुटांचा होता तेव्हापासून बापाच्या शेजारी बसायचा. म्हणताना कुणी अडखळलं, एखादी म्हातारी ओळ विसरली, की पुढचा शब्द उचलून द्यायचं काम त्याचं. तो शब्द पटकन उचलायचा, आणि दादाची मान अभिमानाने एक इंच वर जायची.

हा पोरगा मॉर्मन झाला. मॉर्मन म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ख्रिश्चनांतला अमेरिकेतला एक पंथ, चहा-कॉफी-दारू बंद, आणि पोरं मोठी झाली की वर्ष-दोन वर्षं परमुलखात जाऊन धर्म सांगायचा, एवढं त्यानेच समजावलं. माटुंग्याच्या कॉलेजातल्या मित्राबरोबर इंग्रजी सुधारायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. मी विचारलं, "तिकडे असं काय मिळालं तुला?" तर म्हणाला, "आत्या, कॉलेजात आडनाव सांगितलं की समोरचा आधी कॅटेगरीचा हिशोब करतो. तिकडे पहिल्या दिवसापासून मी ब्रदर. बास."

हे दादाने ऐकलं. दादा ओरडणारा माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, "जात मोजणाऱ्याचा हात धरून जाब विचारायला शिकवलं होतं आपल्याला. तू पळून गेलास." आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. नम्रता वहिनीने चहा ठेवायचा आणि पोराने दुधाचा कप धरायचा, आणि बापाने पेपरात तोंड घालायचं, असे कित्येक महिने गेले. कंबोडियाला निघाला तेव्हा वहिनी आणि मी विमानतळावर गेलो. दादा विहारात झाडू मारायला गेला.

तिकडून आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, घरी फोन करायची मुभा असते. तो फोन माझ्या खोलीत यायचा, कारण दादाच्या खोलीत त्याचं नाव काढायची सोय नव्हती. वहिनी कणीक तशीच टाकून धावत यायची. आमची भिंत पातळ आहे. सोमवारी बरोबर त्याच वेळी पलीकडच्या बातम्यांचा आवाज बंद व्हायचा. मी मुद्दाम मोठ्याने बोलायचे. "काय, ताप उतरला का?" पलीकडून खाट करकरायची. दादा बोलत नव्हता, पण एक सोमवार चुकवत नव्हता. मला एकच धास्ती होती, की हा पोरगा परत येईपर्यंत या दोघांमधलं सगळं वाळून जाईल आणि मग कुणी कितीही पाणी घातलं तरी फुटणार नाही.

सम्यक तिथली भाषा शिकला. सायकलवर फिरायचा, सोबत विल्कॉक्स नावाचा गोरा जोडीदार. एकट्याने कुठे जायचं नाही हा त्यांचा नियम. लोक दार उघडायचे, पाणी द्यायचे, हसून ऐकून घ्यायचे. देश बौद्धांचा! वहिनी एकदा न राहवून म्हणाली, "अरे, आपल्याच लोकांत जाऊन काय सांगतोस तू?" त्याने विषय बदलला. नंतर कळलं, तिथे त्याने आपण बौद्ध घरातले हे कुणालाच सांगितलं नव्हतं. इंडियाचा म्हणजे हिंदू, असं लोक आपोआप धरून चालायचे आणि हा तसंच चालू द्यायचा. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

त्याला एक म्हातारी भेटली. तिला सगळे येय म्हणायचे. येय म्हणजे आजी. नवरा गेलेला, मुलगा परदेशी कामाला. याच्यावर तिचा जीव बसला. हा यायचा म्हणून भात जास्त टाकायची. बोलता बोलता ती बाप्तिस्म्याला तयार झाली. आमचा एल्डर हरखला. त्या सोमवारी फोनवर त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. घाईघाईत त्याने तिला सांगितलं की घरातली बुद्धमूर्ती आता काढायला हवी. त्याच्या वरच्या लोकांनी असं सांगितलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं शहाणपण. म्हातारीने मूर्ती पंच्यात गुंडाळली आणि याने सायकलवरून नेऊन जवळच्या विहारात भिक्खूंकडे दिली.

हे तो सांगत होता तेव्हाही मी मोठ्यानेच बोलत होते. मूर्तीचं ऐकल्यावर पलीकडे भांडं आपटलं.

पुढच्या सोमवारी फोन आला तेव्हा पोरगा ओळखू येत नव्हता. डोळे सुजलेले. वहिनी घाबरली. "काय झालं, सोन्या?" त्याने हळूहळू सांगितलं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी दोघे तिच्या घरी गेले होते. म्हातारी सवयीने, मूर्ती असायची त्या रिकाम्या फळीसमोर गुडघे टेकून बसली आणि हात जोडून म्हणू लागली. शब्द पालीच, उच्चार जरा निराळे. नमो तस्स, मग सरणं, मग पंचशील. पहिलं शील म्हणून झालं आणि दुसऱ्याला ती अडकली. वय झालेलं, किंवा समोर मूर्ती नव्हती म्हणून असेल. ती शब्द शोधत राहिली. आणि आमच्या विहारात वाढलेल्या पोराच्या तोंडून आपोआप निघालं, "अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." आपल्या बापाच्या चालीत, अख्खं.

विल्कॉक्स बघतच राहिला. म्हातारी वळली. "तुला येतं?" याने मान हलवली. "कुणी शिकवलं?" "वडिलांनी. आमच्या घरी हेच आहे." म्हातारीने रिकाम्या फळीकडे बोट केलं. मग म्हणाली, "तुझ्या घरी हेच आहे, आणि तू माझ्या घरातून हे उचलून नेलंस?" तिने बाप्तिस्म्याला नकार दिला. विहारात जाऊन मूर्ती परत मागायची तिला लाज वाटत होती. आपण आपल्या हाताने बुद्धाला घराबाहेर काढलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं म्हणून ती रडली.

"आमच्या मिशनच्या साहेबांना सांगितलं मी सगळं," सम्यक म्हणाला. "ते रागावले नाहीत. म्हणाले, मूर्ती काढायला लावायची गरज नव्हती. दुसऱ्या गावाला बदली देऊ का विचारलं. आत्या, मला काहीच कळत नाहीये. मी कुणाचा आहे तेच कळत नाही."

वहिनी पदर तोंडाला लावून बसली. मी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात दार ढकलून दादा आत आला. बनियन, लेंगा, हातात चष्मा. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. सम्यकने बापाला समोर बघितलं आणि त्याला "पप्पा" एवढंही नीट म्हणता येईना.

"कुठल्या शिलाला अडली ती?" दादाने विचारलं. इतक्या महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य हे. माझं डोकं फिरलं. पोरगा तिकडे रडतोय आणि हा परीक्षा घेतोय!

"दुसऱ्या, पप्पा."

"अर्थ माहितीये ना?"

"न दिलेलं घेणार नाही."

"मग तू तिचं काय घेतलंस?"

"तिने स्वतः दिली, पप्पा. मी ओढून नाही घेतली."

"आपण कोण ते सांगून मागितली असतीस, तर दिली असती तिने?"

दादाचा आवाज कापत होता, पण चढला नाही. "तुला जे मानायचं ते मान. माझं त्यावर काही म्हणणं उरलेलं नाही. पण त्या बाईची वस्तू तिच्या घरी पोचली पाहिजे. तू नेलीस, तूच आण. मग माझ्याशी बोल." आणि फोन माझ्या मांडीवर टाकून तो निघून गेला.

मी त्या दिवशी दादाला फार बोलले. लेकरू परदेशात एकटं पडलंय, त्याला धीर द्यायचा सोडून प्रवचन कसलं देतोस, दगड आहेस का तू? तो ऐकत राहिला. जेवला नाही. आठवडाभर आमच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. वहिनी तर म्हणाली, आता फोन येणारच नाही.

सोमवारी दादा आधीच माझ्या खोलीत येऊन बसला होता. दाढी केलेली, शर्ट घातलेला. फोन वाजला तो त्यानेच उचलला.

"दिली, पप्पा," सम्यक म्हणाला. तो आणि विल्कॉक्स विहारात गेले होते. भिक्खूंसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, आपण कुठल्या घरातले हेसुद्धा. त्यांनी काही न विचारता मूर्ती दिली. येयच्या दारात त्याने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. मूर्ती घेतली, पंच्याने पुसली. मी माफी मागत होतो, तर माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार लावून घेतलं." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी बाहेर उभा होतो, पप्पा. खूप वेळ. आत ती वंदना म्हणत होती, मला ऐकू येत होतं. मी हाक मारली. तिने दार उघडलं नाही."

दादाने फोन जरा जवळ घेतला.

"लागलं का रे फार?"

"हो, पप्पा."

"मीही तेच केलं तुझ्याशी," दादा म्हणाला. "आत बसून ऐकत होतो सगळं. उठून दार उघडायला पाहिजे होतं मी."