पासवर्डविना मालक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. रत्नागिरीतल्या प्रयोगशाळेचं प्रकरण मात्र चेहऱ्यांसकट आठवतं, आणि त्याला कारण एक बाई.

सुरुवात पालीकडच्या एका बागायतदारापासून झाली. गृहस्थ तणतणतच पोलीस ठाण्यात आले. ठाणे अंमलदारानं अर्ज लिहायला सांगितल्यावर आणखी भडकले. मी त्यांना आत घेतलं, चहा मागवला.

"साहेब, माझी बाग नि शेजाऱ्याची बाग, मधे नुसता दगडांचा गडगा. फवारणारे गडी तेच, औषध तेच, पंप तोच. परदेशी पाठवायच्या तपासणीत माझा आंबा नापास नि त्याचा पास! हा कसला न्याय?"

नुकसान झालेला माणूस वाढवून बोलतो, हे ठाऊक होतं. पण पंपापर्यंतचा तपशील खोटं बोलणाऱ्याला सहसा सुचत नाही. मी प्रयोगशाळा गाठली.

शेजाऱ्याच्या आंब्यात उरलेल्या औषधाचा तपासणी यंत्रातला मूळ आकडा एक आणि कॉम्प्युटरमधल्या दाखल्यावर भलताच निघाला. दाखले लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर होते. पक्का झालेला दाखला बदलण्याचा अधिकार फक्त 'रूट'ला, म्हणजे त्या यंत्रणेच्या मालकाच्या खात्याला. त्याचा पासवर्ड एकट्या सिस्टीम सांभाळणाऱ्या बाईंकडे. बाई पूर्णगडच्या, नवरा जहाजावर. संचालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. आम्ही पंचांसमक्ष डिस्क सील केली, तिची तंतोतंत प्रत काढून घेतली आणि बाईंना नोटीस देऊन चौकशीला बोलावलं.

बाई आल्या त्या शांतपणे. शेजारी आमच्या सायबर शाखेच्या महिला हवालदार बसल्या होत्या. लांज्याच्या, तोंडानं फटकळ.

"पासवर्ड आणखी कोणाला दिला होता?" मी विचारलं.

"कोणालाच नाही, साहेब."

"म्हणजे दाखले तुम्हीच बदलले."

"नाही. पण पासवर्ड नसतानाही रूट होता येत असेल. ती प्रत द्या, शोधून दाखवते."

हवालदार बाई चमकल्या. "अवो बाय, काय बोलताय कळतंय काय? जिला येतं तिनंच केलंन, असं साहेब लिवतील."

"लिहू देत. मी गप्प बसले तर उद्या आणखी कोणाचा दाखला बदलेल. तो आंबा माणसंच खातात."

मी परवानगी दिली. त्या सर्व्हरवर बॅकअपची एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, ठरल्या वेळी आपोआप चालायची. चालायची ती मालकाच्या अधिकारानं, पण तिच्यात मजकूर घालायची मुभा सगळ्या साध्या खात्यांना राहून गेली होती. मला कळेल असं बाईंनी सांगितलं, "समजा, तुमच्या सहीचा आदेश बाहेर फळ्यावर टांगलाय. शिपाई रोज येतो आणि त्यावर असेल ते करतो. कोणीही खाली एक ओळ वाढवली, तर शिपाई तीही पाळणार. सही तुमचीच ना?"

त्यांनी प्रतीवर साध्या खात्यातून तशी एक ओळ वाढवली. स्क्रिप्ट चालली आणि ते खातं मालक होऊन बसलं. "ही परवानगी तपासणं माझं काम होतं, ते राहिलं," हेही त्यांनी आपणहून जबाबात घालायला लावलं. अशा माणसाचं करायचं काय, मला कळेना.

मग प्रतीतल्या मूळ फाइली धुंडाळताना प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल सापडली. मालकी रूटची, ती जो चालवेल तो तेवढ्यापुरता मालक.

"सापडला!" मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. "एवढ्यावरून नको, साहेब. पासवर्ड माझ्याकडे आहे. ही फाइल त्याच्या फोल्डरमध्ये मीही ठेवू शकते."

दुसऱ्याकडे बोट दाखवून निसटू पाहणारे मी ढिगानं पाहिले होते. नोकरी गेलेली, नाव खराब झालेलं, सुटकेची वाट समोर दिसतेय, आणि ही बाई ती स्वतःच अडवून उभी!

तंत्रज्ञाला बोलावलं. तो तयारीनं आला होता. "मॅडमनीच ठेवली असेल, मला अडकवायला."

"मॅडमही तेच म्हणाल्या," मी सांगितलं. "मीही ठेवू शकते, एवढ्यावरून त्याला धरू नका म्हणाल्या."

त्यानं खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवून जे झालं नसतं, ते तेवढ्यानं झालं. "मोबाइल घ्या, साहेब," तो हळूच म्हणाला. "त्यात सगळं हाय."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, पण मोबाइल रीतसर पंचनाम्याखाली जप्त केला. कोणता दाखला बदलायचा, याचे शेजारी बागायतदाराचे निरोप त्यात होते. संचालकांनी बाईंची माफी मागून त्यांना परत बोलावलं. त्यांनी पहिल्याच दिवशी स्क्रिप्टमधली ती मुभा बंद केली.

खटल्यात आरोपीच्या वकिलांनी त्यांना नेमकं विचारलं, "ही फाइल तुम्हीही ठेवू शकला असता ना?"

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "हो, ठेवू शकले असते. ठेवली नाही."

आरोपीचे वकील खाली बसले. निरोपांच्या पुराव्यावर शिक्षा झाली, पण न्यायाधीशांनी पेन थांबवून बाईंकडे पाहिलं ते माझ्या लक्षात राहिलं. मला त्या क्षणी बाईंचा फार अभिमान वाटला. तोवर मी प्रत्येक साक्षीदाराला बजावत असे, "विचारतील तेवढंच सांगा." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते वाक्य मी कोणालाही सांगितलं नाही.