रिदमवर काका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून एक घर सोडून एक इंग्रज गृहस्थ राहतात. वय सत्तरीच्या पुढे, उंची सहा फूट. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना ते जे जॅकेट घालतात ते कधीकाळी स्टेजवर घातलेलं आहे. त्याच्या उजव्या बाहीवर अजून थोड्या चमचमत्या टिकल्या शिल्लक आहेत. त्या बाहीनं फावडं मारताना त्यांना पाहिलं की रॉक संगीताबद्दलचा माझा आदर वाढतो की कमी होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी बायको पहिल्या हिवाळ्यापासून त्यांना काका म्हणते. त्यांना ते इतकं मानवलं की आता फोनवर स्वतःच सांगतात, ‘काका बोलतोय.’

काकांची कारकीर्द मला हप्त्याहप्त्यानं कळली. प्रत्येक बर्फानंतर एक हप्ता, दोघं आपापल्या फावड्यावर रेलून. जन्म इंग्लंडमधल्या मोज्यांच्या कारखान्यांच्या एका गावात. वडील त्याच कारखान्यात. चौदाव्या वर्षी आत्याच्या माळ्यावर सापडलेली गिटार, मग शाळेतल्या चार मित्रांचा बँड, मग पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन. पावाचा वास जायला दोन वर्षं लागली आणि तोवर बँड बऱ्यापैकी नावारूपाला आला होता. अमेरिकेचे तीन दौरे झाले. त्यांचं एक गाणं आमच्या ग्रोसरीच्या दुकानात अजून लागतं. काका तेव्हा दह्याच्या कपाटाशी थांबून ऐकतात आणि मधला सोलो सुरू झाला की दुधाकडे वळतात.

कारण सोलो त्यांचा नाही. तो लीड गिटारवाल्याचा. लीड म्हणजे जो डोळे मिटून मान मागे टाकतो आणि ज्याचा फोटो छापून येतो. काका रिदम गिटारवर होते. रिदम म्हणजे जो मागे उभा राहून तेच चार कॉर्ड न चुकता वाजवत राहतो, म्हणजे पुढच्याला मान मागे टाकायची सवड मिळते. एकदा एका मोठ्या कार्यक्रमात त्यांच्या अँप्लिफायरची वायर सुटली. तीन गाणी ते बिनआवाजाची गिटार वाजवत होते आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. बँडच्याही नाही. हा किस्सा ते हसत हसत सांगतात आणि संपल्यावर फावडं उचलतात.

पुढे पोस्टरवर पहिलं नाव गायकाचं की लीडवाल्याचं यावरून बँड फुटला. काकांचं नाव पोस्टरवर नव्हतंच, त्यामुळे या भांडणात त्यांना कुणी घेतलं नाही. शेवटच्या दौऱ्यात शिकागोला पाय मुरगळला होता, तो बांधणाऱ्या नर्सशी त्यांनी लग्न केलं आणि इथेच राहिले. वीसेक वर्षं वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत मुलांना गिटार शिकवली. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून गिटार पेटीत होती.

आता आमच्या बाजूची गोष्ट. बायको कॉलेजात असताना नागपुरात बऱ्यापैकी गायची. इथे आल्यावर नोकरी, मुलगी, व्हिसा या क्रमानं गाणं मागे पडलं. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एक भावगीत म्हणायचं तिनं ठरवलं. वीस वर्षांनी पहिल्यांदा स्टेज. तीन महिने तयारी चालली होती. तिचा एकच दोष: अंतरा आला की ती लय सोडून पुढे पळते. मी हे एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगण्याची हिंमत झाली नाही.

कार्यक्रम रविवारी. गुरुवारी तबलजीचा मेसेज आला. तो इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारा विद्यार्थी. बास्केटबॉल खेळताना त्याचं मनगट दुखावलं होतं.

“मोबाइलवर तबल्याचं ॲप आहे,” मी म्हणालो.

“ते यंत्र माझ्यासाठी थांबत नाही.”

“मग ट्रॅक लावू.”

“ट्रॅकवर मी गाणार नाही. कॅन्सल करते. सांगून टाक अध्यक्षांना.” आणि ती भांडी घासायला लागली. आमच्याकडे डिशवॉशर आहे.

मंडळाचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत आठवडाभर डेटा सांभाळतात आणि शनिवार-रविवारी विशेषणं. मी फोन केला तेव्हा ते जराही डगमगले नाहीत.

“अरे, तुझ्या शेजारचा तो इंग्रज रिदमवर होता ना? गणपतीला भेटला तेव्हा स्वतः सांगितलं त्यानं मला.”

“हो, पण...”

“पण काय यार? प्रश्नच मिटला. मीच ई-मेल करतो त्याला.”

तासाभरात काकांचा होकार आला आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पत्रक: ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे रिदमसम्राट, खास इंग्लंडहून.’ इंग्लंडहून ते आले त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील, पण खास आले हे खरं आहे.

घोटाळा काय झाला ते मला शनिवारी सकाळी कळलं. अध्यक्ष आमच्या दारात एक जाडजूड गुबगुबीत बॅग घेऊन उभे होते. त्यांच्यामागून काका गिटारची पेटी घेऊन आले. दोघांनी एकमेकांच्या सामानाकडे पाहिलं आणि सभ्यपणे काहीच विचारलं नाही. अध्यक्षांनी गालिच्यावर तबला-डग्गा मांडला, हातोडी ठेवली, पावडरचा डबासुद्धा ठेवला.

“सुंदर वाद्य आहे,” काका म्हणाले. “कोण वाजवणार?”

“तुम्ही, सर!”

आता हे कुणाला समजावून सांगायचं? ज्यानं आयुष्यात एकदा तरी मराठी ऑर्केस्ट्रा पाहिला आहे त्याच्या लेखी रिदम म्हणजे तबला, ढोलकी, फार तर ऑक्टोपॅड. रिदमवाला म्हणजे ज्याच्या हाताखाली कातडं आहे तो. रिदम नावाची गिटार असू शकते हे अध्यक्षांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि काकांना वाटलं होतं, या लोकांनी जगात पहिल्यांदाच लीडवाल्याला न विचारता रिदमवाल्याला बोलावलंय.

मी दोन्ही बाजूंचं भाषांतर केलं. बायको उठली.

“असू दे काका. मी चहा टाकते.” ‘असू दे’ हे तिनं कुठल्या सुरात म्हटलं ते मला चांगलं माहीत आहे. त्याच सुरात तिनं वीस वर्षांपूर्वी तानपुरा नागपूरला ठेवला होता.

काकांनी तबल्याकडे बोट दाखवलं. “हे काय करतं, ते सांगा. मला वाजवता येणार नाही. पण ते काय करतं?”

बायको दारात थांबली. मग परत येऊन बसली आणि मांडीवर हातानं ठेका दाखवत म्हणाली, “धा गे ना ति, न क धि न.”

काकांनी ग्रोसरीच्या पावतीमागे ते आठ तुकडे लिहून घेतले. “आठच? आठ मी झोपेत मोजतो.” त्यांनी गिटार काढली, डाव्या हातानं तारा दाबून आवाज बुजवला आणि उजव्या हातानं ठेका धरला. ‘धा’ला खालची जाड तार, ‘ति’ला वरची कोरडी टक. तबला नव्हता तो. पण तबला जे करतो ते काका करत होते.

अध्यक्ष म्हणाले, “सर, मधे एखादा सोलो पण होऊन जाऊ द्या!”

“ते दुसऱ्या गृहस्थांचं काम,” काका म्हणाले.

बायको गायला लागली. अंतरा आला आणि ती पळाली. काकांनी आवाज वाढवला नाही, डोळे वर केले नाहीत, फक्त जागचे हलले नाहीत. दोन ओळींत ती परत आली. मला हे तीन महिन्यांत जमलं नव्हतं, आणि मी तिचा नवरा आहे.

तिसऱ्या वेळेला पावती घसरून खाली पडली. ती उचलायला काका थांबले असतील, दोन मात्रा. बायको तत्क्षणी गप्प झाली.

“काका, थांबलात का?”

ते वाकलेलेच राहिले, पावती हातात धरून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हिच्या लक्षात आलं.” आणि पुन्हा सुरू केलं.

रविवारी शाळेच्या सभागृहात अध्यक्षांनी गाण्यापेक्षा लांब प्रास्ताविक केलं. शेवटी आपल्या रीतीप्रमाणे साथीदारांचा परिचय झाला: रिदमवर साथ करीत आहेत... नाव त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारलं, त्यातलं एकही बरोबर नव्हतं. टाळ्या पडल्या. काका उभे राहिले, सत्काराची शाल डाव्या हातानं सावरली आणि नारळ घेऊन उभेच राहिले, कारण तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या प्रत्येक फालतू कार्यक्रमात साथीदारांची नावं घेतात. मला त्याचा नेहमी कंटाळा येई. त्या दिवशी आला नाही.

बायको गायली. अंतऱ्यात ती पळाली की नाही ते मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, काकांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो जागचा हलला नाही.

संक्रांतीच्या आधी त्या विद्यार्थ्याचा फोन आला. मनगट बरं झालं होतं. पुढच्या कार्यक्रमाला तो मोकळा होता. बायकोनं त्याची विचारपूस केली, तिळगुळाला घरी बोलावलं आणि म्हणाली, “गाण्याला नको रे. रिदम आहे माझ्याकडे.”

नारळ काकांच्या स्वयंपाकघरात अजून तसाच आहे. तो फोडायचा असतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.