माईंच्या पानावर कोण जेवतं?

चिंचपोकळीची आमची चाळ आता पाडणार आहेत. खोल्या रिकाम्या करायला घेतल्या तेव्हा कळलं, तीन पिढ्यांचं सामान एका टेम्पोत मावतं, पण किस्से मावत नाहीत! सुन्या, मिलिंद आणि मी, तिघेही इथेच वाढलो. हल्ली भेटलो की एकाने किस्सा काढायचा आणि बाकीच्या दोघांनी त्यात दुरुस्त्या करायच्या. त्यातले बरेचसे सुन्याच्या वडिलांचे, म्हणजे भाईंचे.

* * *

भाई गिरणीत होते. कायम दिवसपाळी, घरी यायचे ते दिवेलागणीला. मिलिंदच्या ताईच्या लग्नात पंगतीला बसले आणि पहिली बासुंदीच ओरपायला लागले. वाढणारा म्हणाला, "भाई, आधी वरणभात तरी कालवा!"

"अरे, कामगार माणूस मी. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. गोड पहिलं आटपलेलं बरं!"

घरीही तेच. माई, म्हणजे सुन्याची आई, खीर मुद्दाम लांब ठेवायच्या, पण भाईंचा हात पहिला तिकडेच जायचा. अजून कुणी खीर केली की मला तो हात आठवतो.

* * *

भाई गेले त्याला बरीच वर्षं झाली. माई दर अवसेला त्यांच्या नावाने पान ठेवतात. भात, वडे आणि द्रोणात खीर. इतर लोक दुपारी कावळ्याला ठेवतात. माई ठेवतात दिवेलागणीला, गॅलरीच्या टोकाच्या पत्र्यावर. एकदा मी विचारलं, "माई, दुपारी का नाही ठेवत?"

"दुपारचे हे कामार नाय?" त्यांनी मलाच विचारलं!

सकाळी पान चाटूनपुसून साफ असायचं. आम्हाला नवल वाटायचं, माईंना अजिबात नाही.

* * *

तर खोल्या रिकाम्या करायच्या आधी, चाळ पाडायच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त माईंची अडली. नव्या टॉवरमध्ये घर सतराव्या मजल्यावर. "थंय पत्रो नाय. हे जेवूक खंय येतले?" यापलीकडे एक शब्द नाही. सुन्या रडकुंडीला आला.

"यार, ते पान घूस खाते की मांजर, एकदा फोटो काढून दाखवू या तिला. मग तरी ऐकेल."

मिलिंदची मुलगी सायली प्राणिशास्त्र शिकते. जंगलात झाडाला बांधतात तो कॅमेरा तिने कॉलेजातून आणला. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. अवसेच्या आदल्या दिवशी ट्रायल घेतली. एकशेबारा फोटो आले आणि सगळ्यांत दोरीवरची सुन्याची लुंगी!

दुसऱ्या दिवशी लुंगी आत घेतली.

* * *

सकाळी कार्ड लॅपटॉपला लावलं आणि आम्ही ओरडलोच. पानाशी खरंच एक जनावर होतं! टोकदार तोंड, अंगावर काळपट ठिपके, डोळ्यांभोवती काळं, शेपूट अंगाएवढं लांब.

"मुंगूस," सुन्या म्हणाला.

"मुंगसाला ठिपके असतात काय रे?" मिलिंद.

"लालबागच्या मार्केटमधला उंदीर असेल, मसाला खाऊन वाढलेला!" मी.

फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'इमारतीत बिबट्या आढळला आहे. रहिवाशांनी कपडे वाळत घालताना काळजी घ्यावी.' दिवसभर गॅलरीत एक रुमाल दिसला नाही!

शेवटी सायलीने फोटो मोठा करून शांतपणे सांगितलं, "उदमांजर आहे. बंद गिरणीतल्या झाडांवर राहत असेल."

"आमच्या गावचा कांडेचोर!" सुन्या म्हणाला.

* * *

फोटो हातात आल्यावर सुन्याचाच धीर सुटला. "राहू दे रे. तिला दाखवलं तर भाई परत एकदा जातील." मलाही तसंच वाटत होतं. पण माईंनी फळा वाचला होता. त्या चष्मा घेऊनच आल्या.

"दाखव तुमचो बिबट्यो."

सायलीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. माईंनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ह्येना पयला काय खाल्ल्यान?"

सायलीने फोटो मागे नेले. पहिल्याच फोटोत त्याचं तोंड द्रोणात होतं.

"खीर, आजी. मग वडे. भात शेवटी."



"आणि ह्यो पायपावर चढता?"

"हो, भराभर."

"सतराव्या माळ्यार?"

सायलीने एकदा बापाकडे पाहिलं. "चढेल, आजी."

माईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"सुन्या, सही खंय करूची ती सांग."