हंड्यांच्या रांगेचं गाणं

खोडाळ्याच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीपेक्षा गाणी भरून देण्याचंच काम जास्त असे. पाड्यांवर नेटवर्क नव्हतं, म्हणून लोक बाजाराच्या दिवशी मेमरी कार्ड आणून देत आणि मी ते भरून देई. कोणती गाणी टाकायची हे बहुतेक वेळा मीच ठरवायचो. एवढी सत्ता आसपास दुसऱ्या कुणाकडे नसेल, आणि ती मी कशी वापरली हे सांगताना आज लाज वाटते.

शहरातल्या पोरांचं रॅप त्याच सुमारास आमच्याकडे पोचलं. वस्तीतलं तुंबलेलं गटार, बापाची सुटलेली नोकरी, उगाच अडवणारा पोलीस, सगळं ती पोरं धडाधड बोलून मोकळी होत. आश्रमशाळेत माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र, सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा, दोन दिवस तेच पुन्हा पुन्हा ऐकत होता. मग म्हणाला, "हे आपल्यालाही येईल की."

त्यानं पाण्याचं गाणं लिहिलं. त्याच्या पाड्यावरची विहीर उन्हाळ्यात तळाला जाते. झरा वाटीवाटीनं पाझरतो, म्हणून बायका आपापला हंडा रांगेत ठेवून घरी जातात. कुणाचा हंडा कितवा हे सगळ्यांना पाठ असतं, आणि जिचा नंबर लागेल तिला नावानं हाक मारतात. एरवी त्या बायकांना नावानं कोण हाक मारतं? अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. गाण्यात त्यानं तीच रांग धरली होती. एकेक नाव, आणि त्या नावामागे तिची एक ओळ. कुणाचा दुखरा गुडघा, कुणाचं तान्हं, कुणाचा वीटभट्टीवरून न परतलेला नवरा. शेवटचं नाव त्याच्या आईचं होतं. दुकानाचं शटर ओढून, दोघांच्या डोक्यावर गोधडी घेऊन आम्ही ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. शेवटी त्याचा आवाज फाटला. पुन्हा घेऊ म्हटलं तर नको म्हणाला. त्यानंतर इतकं खरं काही मी ऐकलं नाही.

वर्षभर ते गाणं मी प्रत्येक कार्डात न मागता टाकलं. बायका ते स्वयंपाक करताना लावत, असं तो सांगायचा. पण तोवर शहरातलं रॅपच बदललं. गटार गेलं आणि काळ्या काचांची गाडी आली. मग सोन्याची साखळी, बाटली, आणि मीच कसा भारी. हळदीला डीजे लावणारे तसलंच मागू लागले. मी मोठा शहाणा, मित्राला म्हणालो, "बायकांची नावं काढून टाक. नावांवर कोण नाचणार? गाडी घाल." त्याच्या पाड्यापर्यंत तेव्हा धड जीपही जात नव्हती. तो हसला, आणि आठ दिवसांनी गाडी घालून घेऊन आला.

ते गाणं हळदी-हळदीत वाजलं. तो ठाण्याला गेला, केस रंगवले, आता तिथल्या स्टुडिओत मशीननं आवाज बदलून गाणी काढतो. जुनं गाणं मी कधीतरी कॉम्प्युटरमध्ये जागा करायला उडवलं. राग नव्हता, काही नव्हतं. उडवताना क्षणभर थांबलोही नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

परवा बाजाराला त्याची आई दुकानात आली. तिचं कार्ड बंद पडलं होतं.

"ता गाणा टाकून दे," ती म्हणाली. "आमच्या नावांचा. रांगेतल्या दोघी मेल्या. त्यांची नावं ऐकायचीत."

मी जुने पेनड्राइव्ह शोधले, ड्रॉवरमधली बेवारशी कार्डं लावून पाहिली. मग बाहेर जाऊन मित्राला फोन केला. तो म्हणाला, "कोणतं? अरे, ते शब्द आता कुठे आठवतात! आईला नवीन ऐकव, बीट जबरदस्त आहे."

ऐकवलं. तिनं फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"हा कुणाचा पोर?" तिनं विचारलं.

मला खरं सांगवेना. "शहरातला आहे कुणीतरी."

"बोलतो बरा. पण बोलतो कुणाशी?"

तुझं कार्डच खराब झालंय मावशी, एवढंच म्हणालो. तिनं ते माझ्याकडून परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पदराच्या टोकाला बांधलं.

"मग पुढच्या बाजाराला नवा आणते," ती म्हणाली. "टाकशील ना?"

मी म्हणालो, "आण."