पट्टा उतरवलेली मशीन

फिजिओथेरपीवाल्या मुलीने व्यायामाच्या सायकलीत तेल सोडलं आणि त्या वासासरशी मला जुन्या जालन्यातली वडिलांची शिलाई मशीन आठवली. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी उन्हाळ्यात माहेरी गेले होते. आईचे गुडघे फार दुखायचे. गल्लीतल्या हकीमसाहेबांनी तिला बजावलं होतं, "घुटने को बिठाके मत रखो, चलाओ." पण बाईमाणसाने कसरत केली तर गल्ली हसेल, म्हणून वडिलांनीच युक्ती काढली. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते मशीनचा पट्टा उतरवायचे, आईला आपल्या स्टुलावर बसवायचे, आणि ती अर्धा तास नुसतंच पायडल मारायची. लोकांना वाटे, शिलाई चाललीय. वडील समोर जमिनीवर बसून हाताने काजं करत आणि दोघं बोलत राहत. एके दिवशी सकाळीच वारं सुटलं. माळवदावर जुन्या धोतरावर कुरडया वाळत होत्या; आई धावत जिना चढली आणि धोतराचे चारी कोपरे धरून सगळ्या खाली घेऊन आली. दुपारी मात्र लंगडत मशीनशी गेली. मी म्हणाले, "अगं माय, सकाळी तर पळत गेल्तीस!" ती गोरीमोरी झाली. वडील सुईवरची नजर न उचलता म्हणाले, "असू दे गं. अजून महिनाभर तरी लागंल तिला." माझे गुडघेही सायकलीने हलके होतात, खोटं कशाला बोलू? पण समोर बसून काजं करणारं कुणी नाही. वीस मिनिटं झाली की मी लगेच उतरते.