पाय बघून निवडलेला जावई

परंड्यात आमच्या सासऱ्यांनी ज्याच्या जोड्यात पाय घातला नाही, असा एकही प्रतिष्ठित माणूस उरला नव्हता. त्यांची उजवी टाच दुखायची. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की खिळा ठोकल्यासारखी कळ मस्तकात जायची. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकून झालं, बिब्बा झाला, अंगारे-धुपारे झाले. शेवटी त्यांनी ठरवलं, दोष टाचेचा नाही, जोड्याचा आहे. आपल्याला सोसणारा जोडा या निजामाच्या मुलखात कुठं ना कुठं असणारच; फक्त तो चुकून दुसऱ्याच्या पायात गेलाय.

त्यामुळं ते कीर्तनाला गेले काय आणि बारशाला गेले काय, बैठक रंगात आली की "जरा वारं घेतो" म्हणून उठायचे आणि दारातल्या जोड्यांची तपासणी सुरू करायचे. माणसांची पारखही त्यावरूनच. एका वकिलाबद्दल त्यांचं मत होतं, "माणूस दिलदार, पण जोडा लई चिक्कू. बोटाला हलू देत न्हाय." एकदा तहसील कचेरीतले पेशकारसाहेब बाहेर आले, तर हे त्यांचे मखमली जोडे घालून व्हरांड्यात शांतपणे येरझाऱ्या घालत होते. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? यांनी अदबीनं सांगितलं, "हुजूर, जरा तकलीफ बघतोय." साहेब पुढं कितीतरी दिवस तकलीफ नेमकी कुणाची, याचा विचार करत होते म्हणे.

असा हा माणूस आमच्या गावी, सोनारीला, मला बघायला आला. मी तेव्हा उर्दू मिडल पास झालेलो आणि त्यामुळं हवेत चालणारा. उर्दूत चार वाक्यं फेकायची तयारी करून बसलो होतो. त्यांनी ना शिक्षण विचारलं ना शेती. म्हणाले, "पाय पुढं करा." मला वाटलं, सामुद्रिक जाणत असतील, तळव्यावरचं राजचिन्ह दिसावं म्हणून मी पाय चांगला उजेडात धरला. त्यांनी वीत टाकून माझं पाऊल मोजलं, मग स्वतःचं मोजलं आणि आमच्या वडलांना म्हणाले, "जमलं." लग्नात माझे पाय धुताना तर त्यांनी अंगठ्यानं माझी टाच इतका वेळ चेपली की भटजी खोळंबले आणि मला गहिवरून आलं. ते कानाशी वाकून पुटपुटले, "टाच भक्कम हाय."

लग्नात त्यांनी मला जाड तळाचा, करकर वाजणारा नवा जोडा घातला. तो मला दिवाळीपर्यंत चावला. शहाण्यासारखा पायाला बसला, तोच दिवाळसणाला त्यांनी दुसरा नवा जोडा पुढं ठेवला आणि जुना उचलून आत नेला. जावयाच्या पादुका देव्हाऱ्यात ठेवणार, असं समजून मी गंभीर झालो. बायकोला तसं सांगितलं, तर ती पदर तोंडात कोंबून हसत सुटली. म्हणाली, "आबा घालत्यात ते. तुमी नुसते रुळवून द्यायचे." आणि खरंच, पुढची कैक वर्षं मी सासऱ्यांचे जोडे मऊ करायचं काम इमानेइतबारे केलं.

मग आम्हाला मुलगी झाली. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही आमच्याकडची रीत. सासरे भैरवनाथाच्या यात्रेला आले तरी स्वतःचा तांब्या घेऊन आमच्या ओट्यावर बसायचे, लेकीकडं बघायचे आणि परत जायचे. आता बाळंतीण नात घेऊन सासरी परतली आणि यांचा निरोप आला: जेवायला येतो, पण चालत येणार. गाडी पाठवू नका, तेवढा जोडा नीट रुळवा.

आणि नेमका त्याच सुगीत माझ्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. जोडा तर रुळवायला हवा, आणि टाच तर टेकवेना. मी डोकं चालवलं. विळ्याच्या टोकानं जोड्याच्या टाचेखालचं चामडं कोरून खळगा केला, त्यात घोंगडीचा तुकडा कोंबला आणि महिनाभर त्यावर लंगडलो. काटा निघाल्यावर शुद्धीवर आलो. उजव्या जोड्याचं पार उखळ झालं होतं.

नवा घ्यायला वेळ नव्हता. तोच घेऊन परंड्याला गेलो, सासऱ्यांपुढं ठेवला आणि ज्वारीच्या कणसांविषयी भराभर बोलू लागलो. त्यांनी आत हात घालून खळगा चाचपला. मी आढ्याकडं बघितलं. ते उठले, जोडा घालून अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले.

"जावईबापू, ही खळगी कुणी केली?"

"चांभारानं," मी म्हणालो.

"लई हुशार गडी."

एवढं ऐकल्यावर मला राहवेना. "मामा, मीच केली."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मग चुकून झाली आसंल."

ठरल्या दिवशी उन्हं चढता चढता ते आले. सकाळभराचा रस्ता तुडवून, धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले, पण ताठ. मी चार शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, माझी कारागिरी बघायला. सासऱ्यांनी जोडा दाराबाहेर काढला आणि त्याच्याकडं वळूनसुद्धा न बघता आत गेले. हिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आबा, गाडी होती की. कशाला एवढं चालायचं?" तिनं तांब्या परत घेत विचारलं.

"अगं, लेकीच्या घरी पयल्यांदा जेवायचं," ते म्हणाले, "तर भूक घिऊन यावं म्हणलं."

मग ते जेवले. मांडीवर नात, आणि भाकरी मागून मागून. संध्याकाळी मी गाडी जुंपली, तेव्हा मुकाट्यानं तीत बसले. जोडा काढून पाय लांब केले आणि वेशीपर्यंत जायच्या आत त्यांना झोप लागली. मी त्यांना पोचवून घरी परतलो, तर मध्यरात्र उलटली होती. ही चुलीपाशी बसली होती. सगळी भांडी घासून झालेली, फक्त आबांचं उष्टं ताट तिनं अजून उचललं नव्हतं.