नऊ वर्षं माझ्या नावावर असलेलं पिस्तूल

रायपूरजवळच्या तळावर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी लान्स नायक होतो. सहा महिन्यांनी मला बटालियनच्या छोट्या तुकडीत घेतलं. जंगलातल्या वस्त्यांमध्ये घरांची झडती घेणं हे आमचं काम. दक्षिणेकडच्या त्या घरांची दारं बुटकी असतात. वाकून शिरताना लांब रायफल चौकटीत अडकते. म्हणून पुढचा माणूस पिस्तूल घेऊन शिरतो आणि मागचा रायफल घेऊन. मी पुढचा होतो. माझ्या मागे नायक सुकलाल नेताम. तो कांकेरकडचा.

त्या तुकडीसाठी परदेशातून बारा पिस्तुलं मागवली होती. साच्यातून निघालेली नव्हती ती. कारागिराने प्रत्येकाची वरची सरकती स्लाइड आणि खालची फ्रेम हाताने घासून एकमेकांवर बसवली होती. एकाची स्लाइड दुसऱ्याला लागत नसे. सात नंबरचं माझ्या नावावर चढलं आणि नऊ वर्षं राहिलं.

आता मी रायपूरच्या पंडरी भागात एका ठिकाणी सुरक्षा रक्षकांना शिकवतो. लायसन्सवाले कापड व्यापारी विचारतात, "भैया, वो इम्पोर्टेड पिस्टल सच में अच्छा होता है क्या?" तेव्हा मी सांगतो ते इथेही लिहितो.

अच्छा होता है. ट्रिगर कुठेही अडत नाही. तो कधी सुटणार हे बोटाला दर वेळी सारखंच कळतं. ग्रिपवरच्या बारीक खवल्यांनी पहिल्या महिन्यात माझा तळहात सोलला, नंतर तो राठ झाला. होल्स्टरमध्ये घासून नळीच्या तोंडाजवळचा काळा रंग दुसऱ्याच वर्षी गेला. पण इतक्या घट्ट फिटिंगला धूळ चालत नाही. मी रोज संध्याकाळी साडेपाचला ते उघडायचो. वीस मिनिटं लागायची. झाडलेली प्रत्येक फैर वहीत लिहायचो. वहीत एकोणीस हजारांच्या वर फैरी आहेत. एवढ्या काळात पिस्तूल स्वतःहून कधी अडलं नाही. अडली ती मॅगझिन.

प्रत्येक पिस्तुलाबरोबर गोळ्या भरायच्या चार मॅगझिन होत्या. माझी तीन नंबरची पाचव्या वर्षी रेंजवर दोनदा अडली. तिच्या तोंडाचे पत्र्याचे ओठ किंचित फाकले होते, त्यामुळे गोळी तिरपी वर यायची. नियमाने अशी मॅगझिन कंडम करायची असते. पण कंडम केली की कागद वर जातो, आणि नवी कधी येईल ते कोणी सांगत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. खराब मॅगझिनच्या बुडाला लाल ठिपका द्यायचा. ठिपकेवाली फक्त रेंजवर वापरायची, ऑपरेशनला न्यायची नाही. ही रीत कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हती. आम्हा बारा पिस्तूलवाल्यांना आणि हवालदार डोंगरेंना ती माहीत होती.

डोंगरे आमचे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती-देखभाल बघणारे. शस्त्रं ठेवायची कोत त्यांच्या ताब्यात. त्यांचं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत, घराणं मूळ भंडाऱ्याचं. माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या दोघांच्याही घरात हीच मराठी. हे पिस्तूल उघडायला मला त्यांनीच शिकवलं. मी बारावीनंतर भरती झालो होतो. बी.ए.चा फॉर्म त्यांनी आणला, माझ्याकडून भरून घेतला, आणि तीन वर्षं मागे लागून अभ्यास करवला. आमच्या खानदानात पदवी घेणारा मी पहिला. ती डोंगरे उस्तादांमुळे मिळाली. पुढे जे झालं त्याने हे खोटं ठरत नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो.

शेवटच्या वर्षाचे पेपर आणि वार्षिक इन्स्पेक्शन एकाच आठवड्यात आले.

"काहून तोंड पाडून बसला बे, वासनिक?" डोंगरेंनी विचारलं.

"इन्स्पेक्शन आहे, उस्ताद. पिस्तूल कोण पाहील?"

"मी मेलो काय? तुयं पिस्तूल मी पाहतो. तू पेपर दे. नाही तं तुये पोट्टे म्हणतील, बापानं जिंदगीभर बंदूकच घासली."

नेताम शेजारी बूट पॉलिश करत होता. तो म्हणाला, "फेल हो गया तो वापस मत आना, ग्रेजुएट साहब. हमारी बेइज्जती होगी."

मी सात दिवसांच्या सुट्टीवर गेलो. शेवटचा पेपर दिला आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता तळावर हजर झालो. सात वाजता ब्रीफिंग झालं. दुसऱ्या पहाटे निघायचं होतं. रेंज बंद झाली होती, फायर करून बघायला वेळ नव्हता. मी कोतमध्ये गेलो. पिस्तूल स्वच्छ होतं. चारही मॅगझिन चकचकीत होत्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नवे आकडे होते. लाल ठिपका एकीवरही नव्हता.

"उस्ताद, ठिपकेवाली कुठे गेली?"

"कंडम केली. नवी आली तिच्या जागी."

"इतक्या लवकर?"

"इन्स्पेक्शन होतं नं. सारं लवकर होते मंग. चारही चांगल्या हायेत. घेऊन जा."

मी सही केली आणि घेऊन गेलो. जाताना निकाल लागला की पेढे देईन असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४० ला आम्ही वस्तीतल्या चौथ्या घरापाशी पोहोचलो. आत हत्यारबंद माणसं असल्याची खबर होती. रेडिओवर आवाज आला, "टायगर टू, गो." मी वाकून शिरलो. डावीकडच्या कोपऱ्यातून फायर आलं. मी दोन गोळ्या झाडल्या. तिसरी चेंबरमध्ये गेली नाही. स्लाइड अर्ध्यात अडकली.

"स्टॉपेज!" मी ओरडलो आणि गुडघ्यावर बसलो. ड्रिल तशीच आहे. पुढचा खाली बसतो आणि मागचा त्याच्या डोक्यावरून फायर देत पुढे येतो. नेताम एका सेकंदाचाही विचार न करता पुढे आला. त्याच्या फायरने कोपरा शांत झाला. पण त्याआधी एक गोळी त्याच्या काखेतून, जॅकेट संपतं तिथून आत गेली होती. मी मॅगझिन बदलून उठलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता.

"तेरा रिजल्ट कब है?" त्याने विचारलं.

"बोल मत."

"बता ना."

"अगले महीने."

७.२५ ला नेताम गेला. हेलिकॉप्टर ८.१० ला आलं.

परतल्यावर मी ती मॅगझिन खिशातून काढली. वर पांढऱ्या रंगात १ लिहिलं होतं. बुडाच्या पट्टीच्या खाचेत नख घातलं तर लाल रंग निघाला. मी तसाच कोतमध्ये गेलो. डोंगरे एकटेच होते. मी मॅगझिन टेबलावर ठेवली.

"ही ठिपकेवाली आहे, उस्ताद."

त्यांनी ती उलटून पाहिली.

"साहेब म्हणाले, मॅगझिनवर रंग दिसले नाही पाहिजे," ते म्हणाले. "मी साऱ्याच्या साऱ्या एका बादलीत थिनरमध्ये टाकल्या. बाहेर काढल्यावर कोणती कोणाची, काही समजे ना."

"मग मले काहून खोटं सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं तं बाराही पिस्तुलं बंद केली असती. ठिपक्याची गोष्ट निघाली असती. दोन वर्षांत माही पेन्शन हाये रे. मले वाटलं, इतक्यात तुयाच हातात कायले येते ते?"

त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे, जमा करतो. साहेबाले मीच सांगतो. तू काही बोलू नको."

शस्त्र आणि मॅगझिन कोतमध्ये जमा करायचा नियमच आहे. त्याहून खरं कारण असं की ते डोंगरे उस्ताद होते. मी दिली.

अकरा दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मॅगझिन टेबलावर होती. तिची खाच धातूपर्यंत घासून साफ केलेली होती. ओठ चिमट्याने सरळ केले होते. डोंगरे सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "मैगजीन पर कोई निशान नहीं था, सर. ऐसा कोई तरीका हमारे यहाँ नहीं है. रोज की सफाई जवान की जिम्मेदारी है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ठिपक्याचं सांगितलं. उरलेल्या अकरा जणांपैकी तिघांनी माझ्या बाजूने सांगितलं, बाकीच्यांना आठवलं नाही. रजिस्टरमध्ये नसलेली गोष्ट सिद्ध होत नाही. निकाल आला की शस्त्रधारकाने देखभालीत हयगय केली. माझं हवालदारपद दोन वर्षं मागे गेलं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण नेतामच्या घरी गेलेल्या अधिकाऱ्याने त्याच्या वडिलांना तेच सांगितलं, की जोडीदाराचं पिस्तूल साफ नव्हतं. ते मला झोपू देत नसे.

पुढच्या महिन्यात मी बी.ए. झालो. पेढे वाटले नाहीत. पिस्तूल आणखी एक वर्ष माझ्याकडे होतं. रोज साडेपाचला मी ते उघडत होतो. त्याचा काही दोष नव्हता.

रिटायर झाल्यावर दोन महिन्यांनी मी पुरानी बस्तीत डोंगरेंच्या घरी गेलो. त्यांची पेन्शन सुरू झाली होती.

"मले काही नको, उस्ताद," मी म्हणालो. "लिहून नको, सही नको. फक्त नेतामच्या बापासमोर एक वेळ खरं बोला. त्याच्या घरात बसून. मग मी तुमच्या दारात पुन्हा येणार नाही."

त्यांचे डोळे भरले. "हव," ते म्हणाले. "येतो. रविवारी सातची बस."

रविवारी ६.४० ला मी बस स्टँडवर होतो. सातची गेली. पावणेआठची गेली. मी फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. "पापा तो बाहर गए हैं, अंकल." मागून त्यांचाच आवाज आला, चहात साखर कमी आहे म्हणून.

साडेआठच्या बसने मी एकटाच गेलो.

नेतामचे वडील अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी ठिपक्यापासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं. मला अर्धा तास लागला.

मग ते म्हणाले, "बेटा फोन म बतावत रिहिस. मोर जोड़ीदार पिस्तौल ला रोज अइसे पोंछथे, जइसे दाई लइका ला नहवाथे. वो साहब के बात ला हमन नइ मानेन."

आई लेकराला न्हाऊ घालते तसं मी पिस्तूल पुसतो, असं नेतामने घरी सांगितलं होतं, आणि त्यांनी साहेबाचं म्हणणं मानलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं या घरात मी दोषी नव्हतोच. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि इथवर येण्याची हिंमत मी केली नव्हती.

ते मला गावाबाहेर घेऊन गेले. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात आणि त्यावर त्याच्या आवडीच्या वस्तू रंगवतात. नेतामच्या दगडावर रायफल आहे, फुटबॉल आहे आणि एक मोबाइल आहे. मी सावधानमध्ये उभा राहिलो. सॅल्यूट केला.

परत फिरताना म्हाताऱ्याने विचारलं, "अउ वो दूसर मनखे? वो काबर नइ आइस?"

तो दुसरा माणूस का आला नाही? मी त्यांना सातच्या बसचं आणि फोनमागच्या आवाजाचं सांगितलं. मग रायपूरची बस पकडली.

नायक सुकलाल नेताम. वय एकोणतीस. बटालियनच्या टीममध्ये लेफ्ट विंग खेळायचा. त्याच्या डोळ्यांसमोर माझं पिस्तूल अडकलं, आणि ते का अडकलं हे विचारायला तो थांबला नाही.